काळ्या रानातल्या मक्याला चुना कशाला?

डिसेंबरातली गोष्ट. सिल्लोडकडचा एक तरुण शेतकरी माती तपासणीच्या आमच्या टेबलाशी आला. हातात मातीची पिशवी नव्हती, मोबाइल होता. "मॅडम, तपासायला वेळ नाही. एवढंच सांगा, चुना एकरी दोन पोती पुरंल का तीन लागतील?" पोती आधीच घेऊन झाली होती. मोबाइलवर तो संदेश होता, जो त्या महिन्यात माझ्याकडे निदान दहा जणांनी पाठवला होता.

संदेश थोडक्यात असा: मक्याची पानं जांभळी पडली की समजा, जमीन आम्ल झाली आणि ॲल्युमिनियमचं विष सुटलं. युरिया आणि डीएपी या खतांनी महाराष्ट्रातल्या सगळ्या जमिनींचं हेच झालंय. खात्री करायची तर मातीवर खायचा सोडा टाकून पाणी शिंपडा, फेस आला म्हणजे आम्ल. उपाय म्हणून एकरी दोन पोती चुना डीएपीत मिसळून द्या, अडकलेलं स्फुरद (फॉस्फरस) मोकळं होईल, उत्पादन दुप्पट. आणि हे केलं नाही तर तेच ॲल्युमिनियम कणसात उतरून माणसाच्या आणि जनावरांच्या पोटात जाईल.

हा संदेश इतका पसरतो, कारण त्याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे. आम्ल जमिनीत ॲल्युमिनियम मक्याची मुळं खरोखर मारतं. जगातल्या लागवडीजोग्या जमिनीचा मोठा भाग या दुखण्यानं ग्रासलेला आहे. भारतातच साडेसहाच्या खाली सामू (पीएच; जितका कमी तितकी जमीन आम्ल) असलेली जमीन सुमारे ४ कोटी ९० लाख हेक्टर धरतात, आणि त्यातली निम्म्याहून थोडी जास्त साडेपाचाच्याही खाली आहे. पण ती जमीन आसाम, मेघालय, झारखंड, ओडिशा, केरळ, हिमाचलात आहे. आपल्याकडे कोकणात, घाटमाथ्यावर आणि गडचिरोलीच्या काही भागात आहे. सिल्लोड, कन्नड, येवल्याच्या काळ्या रानात ती नाही. दुखणं खरं, पण पेशंट दुसराच.

आता एकेक मुद्दा घेते.

"पानं जांभळी म्हणजे ॲल्युमिनियम."

जांभळा रंग ॲल्युमिनियमचा नसतो. तो अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. रोपाला स्फुरद कमी पडलं की पानात तयार झालेली साखर पुढे सरकत नाही, साचते, आणि तिथे हा रंग धरतो. खालच्या जुन्या पानांच्या कडा आधी जांभळ्या होतात. म्हणजे पान एवढंच सांगतं की स्फुरद पोचत नाहीये. का पोचत नाही, हे पानाला विचारून उपयोग नाही.

रब्बीच्या मक्यात याचं सगळ्यात नेहमीचं कारण थंडी हेच असतं. रात्रीचा पारा दहा-बाराच्या खाली गेला की मुळं वाढायची थांबतात. स्फुरद मातीत जवळजवळ हलतच नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. मूळ थांबलं की स्फुरद जमिनीत असूनही रोप उपाशी. खरिपात हेच पाणी साचल्यानं होतं, कोळपणीत मुळं तुटल्यानं होतं. काही वाणांचा तर लहानपणी रंगच तसा असतो.

मी सिल्लोडच्या त्या तरुणाला म्हटलं, उद्या चार रोपं मुळासकट उपटून आण. ओढून नको, खुरप्यानं ढेकूळ सोडवून. दुसऱ्या दिवशी त्यानं आणलेली रोपं आम्ही बादलीत धुतली. मुळं पांढरी, लांब, आणि त्यांना केसासारख्या बारीक फांद्या भरपूर. ॲल्युमिनियमनं मारलेलं मूळ असं दिसतच नाही. ते आखूड राहतं, टोकाशी जाड आणि बोथट होतं, तपकिरी पडतं, बोटात धरलं की काडीसारखं मोडतं, आणि त्याला बारीक फांद्या जवळजवळ नसतात. प्रयोगशाळेत अशी टोकं हेमॅटॉक्सिलिन नावाच्या रंगाच्या द्रावणात बुडवली तर जिथे ॲल्युमिनियम बसलंय तिथे गडद निळा-जांभळा डाग उठतो. शेतात तेवढं करायची गरज नाही. बादलीभर पाणी आणि डोळे पुरतात.

"युरिया-डीएपीनं सगळी जमीन आम्ल झाली."

इथे थोडं थांबायला हवं, कारण अर्धं खरं इथेच लपलंय.

ॲल्युमिनियम कुठून तरी येऊन जमिनीत शिरत नाही. ते तिथेच आहे. पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियमच आहे, ऑक्सिजन आणि सिलिकॉनच्या खालोखाल. चिकणमातीचा कणन् कण त्याच्यावर उभा आहे. जोवर ते खनिजात बांधलेलं आहे तोवर पिकाला त्याचा काही त्रास नाही. सामू साडेपाचाच्या खाली उतरला की ते विरघळायला लागतं आणि पाचाच्या खाली तर झपाट्यानं. सामू एकानं उतरला की आम्लता दहापट होते, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. विरघळणारं ॲल्युमिनियम मात्र त्याच एका उतरणीत तत्त्वतः हजारपट वाढू शकतं. म्हणून सहाच्या जमिनीत काहीच दिसत नाही आणि साडेचारच्या जमिनीत पीक उभं राहत नाही.

मग ते मुळाच्या टोकाला पकडतं. मक्याच्या मुळाचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर, तेवढीच त्याची मर्मजागा. तिथल्या पेशींच्या भिंतीत पेक्टिन असतं, त्याला ॲल्युमिनियम घट्ट चिकटतं, भिंत ताणली जाईनाशी होते, आणि काही तासांतच मुळाची लांबी वाढायची थांबते. त्यापुढचं सगळं यातून निघतं. मूळ आखूड म्हणून पाणी कमी, स्फुरद कमी. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आत घ्यायच्या वाटांवर ॲल्युमिनियम आडवं बसतं, म्हणून त्यांची उपासमार. मातीत उरलेलं स्फुरद ॲल्युमिनियमशी आणि लोहाशी बांधलं जातं, ते वेगळंच. वर मॉलिब्डेनम मिळेनासं होतं आणि मँगनीज नको इतकं मिळतं. पावसानं आठ दिवस ताण दिला की असा मका आधी माना टाकतो, कारण त्याची मुळं वीतभरही खाली गेलेली नसतात.

युरियानं हे होऊ शकतं का? होऊ शकतं. हिमाचलात पालमपूरच्या कृषी विद्यापीठात १९७२ पासून मका-गव्हाचा एक प्रयोग चालू आहे. तिथली जमीन सुरुवातीलाच ५.८ सामूची होती, म्हणजे उंबरठ्यावर. ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षं नुसता युरिया दिला, स्फुरद नाही, पालाश (पोटॅश) नाही, शेणखत नाही, त्या वाफ्यांत काही वर्षांनी मका आणि गहू दोन्हींचं उत्पादन शून्यावर आलं. काहीच न दिलेला वाफा त्याहून बरा. आणि ज्या वाफ्यांना संतुलित खतासोबत शेणखत किंवा चुना मिळाला, ते आजही चांगलं पिकतात. नुसत्या युरियाच्या नादी लागलेल्या प्रत्येकानं हा प्रयोग लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

पण तोच युरिया काळ्या जमिनीत टाका. अकोल्याला कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हाचा तसाच दीर्घकालीन प्रयोग आहे. जमीन खोल काळी, सामू आठाच्या आसपास. इतकी वर्षं खतं देऊनही तो आठाच्या आसपासच आहे. युरिया तोच. फरक जमिनीत साठलेल्या चुनखडीचा.

हिशेब करून पाहा. एका एकरात वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ८ लाख किलो माती असते. तिच्यात १ टक्का मुक्त चुनखडी असली तर ती झाली ८,००० किलो. मक्याला नत्र हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८ किलो. युरियातून आलेल्या एक किलो नत्रामुळे होणारी आम्लता मारायला साधारण १.८ किलो चुनखडी खर्ची पडते. म्हणजे एका मक्याच्या पिकाला वर्षाला ८६ किलो. फक्त १ टक्का चुनखडी असलेल्या जमिनीलाही तो साठा संपवायला नव्वदहून जास्त वर्षं लागतील. आणि आमच्याकडे येणाऱ्या काळ्या मातीच्या नमुन्यांत ५ टक्के हा आकडा नित्याचा आहे. तिथे साडेचारशे वर्षांचा हिशेब होतो. तोही वरच्या वीतभर थराचाच. खालच्या थरांत चुनखडीचे खडे हातानं वेचता येतात ते धरलेच नाहीत.

युरिया भरमसाट टाकण्याचं मी समर्थन करत नाही. त्यानं पैसा जातो, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट उतरतं, पीक लुसलुशीत होऊन किडीला आमंत्रण मिळतं. ही कारणं पुरेशी आहेत. त्यांना खोट्या ॲल्युमिनियमची जोड द्यायची गरज नाही.

"सोडा टाका, फेस आला की आम्ल."

कोरड्या ढेकळावर नुसतं पाणी ओतलं तरी बुडबुडे येतात. ढेकळातल्या पोकळ्यांतली हवा बाहेर पडते, बस. काळं ढेकूळ तर पाण्यात फुटताना जास्तच बुडबुडतं. उलट खरोखर आम्ल असलेल्या मातीतसुद्धा सोड्यावर ठळक फेस यावा इतकं मोकळं आम्ल सहसा नसतं. ही चाचणी दोन्हीकडून फसवते.

त्याच्या समोरच मी त्याच्या रानातलं एक ढेकूळ बशीत ठेवलं आणि पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन थेंब टाकले. चर्रर्र आवाज आला. "कान जवळ आण," म्हटलं. पांढरा फेस ढेकळाच्या कडेनं खाली उतरला. हा कार्बन डायऑक्साइड, मातीतल्या चुनखडीतून निघालेला. जी माती आम्ल टाकल्यावर अशी बोलते तिच्यात विरघळलेलं विषारी ॲल्युमिनियम असू शकत नाही. दोन्ही एका घरात नांदत नाहीत. हे आम्ल घरी हाताळू नका. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत हे दोन मिनिटांचं काम आहे.

"एकरी दोन पोती चुना, डीएपीत मिसळून."

संदेशातलं सगळ्यात वाईट वाक्य हेच. त्या तरुणानं ते थोड्या जागेत करूनही पाहिलं होतं. घमेल्यात डीएपी आणि कळीचा विरवलेला चुना हातानं कालवला, तर असा उग्र वास आला की डोळ्यांतून पाणी. संदेशात लिहिलंच होतं, वास आला म्हणजे विष बाहेर पडतंय. त्याचा त्याच्यावर विश्वास बसला होता, आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्या वासात त्याचे पैसे उडत होते. तो अमोनिया होता. डीएपीतलं नत्र अमोनियमच्या रूपात असतं. त्याला तीव्र विम्ल (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) पदार्थ भेटला की ते वायू होऊन निघून जातं. आणि स्फुरद? ते चुन्यातल्या कॅल्शियमशी बांधलं जाऊन न विरघळणारं होतं. म्हणजे एका घमेल्यात नत्रही गेलं, स्फुरदही अडकलं. डीएपीच्या पोत्यात या दोनच गोष्टी असतात.

चुन्यानं अडकलेलं स्फुरद मोकळं होतं हे खरं आहे, पण आम्ल जमिनीत. तिथे स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमनं धरलेलं असतं, सामू सहाच्या आसपास आणला की ती पकड सैल होते. काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमनंच धरलेलं असतं. तिथे आणखी कॅल्शियम घालून काय सुटणार?

दोन पोत्यांनी काळी जमीन कायमची बिघडेल असं काही मी म्हणत नाही. जिथे आधीच चाळीस हजार किलो चुनखडी आहे तिथे शंभर किलोंनी काय होतं. पण ओळीत, कोवळ्या मुळाशी पडलेला विरवलेला चुना पोळतो, आणि त्या पट्ट्यात जस्त आणि लोह आणखी दुर्मिळ होतात. चुनखडीच्या रानातल्या मक्याला जस्त तसंही कमीच पडतं. पोंग्यातून येणारं नवं पान मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरट पट्ट्यांचं दिसतं ना, ते जस्त.

जाता जाता जिप्समचंही सांगते, कारण ते चुन्याचा भाऊ समजून वापरलं जातं. जिप्समनं सामू वाढत नाही. आपल्याकडे ते चोपण जमिनीतला सोडियम हुसकायला लागतं. ब्राझीलसारख्या आम्ल मुलखात ते वेगळ्या कामाला लागतं: चुना वरच्या थरातच राहतो, जिप्सम पाण्याबरोबर खाली उतरतं, खोलवर कॅल्शियम पोचवतं आणि तिथल्या ॲल्युमिनियमची धार सल्फेटनं बोथट करतं. एकच पोतं, दोन मुलखांत दोन वेगळी कामं.

"ॲल्युमिनियम कणसात उतरतं."

मक्यात ॲल्युमिनियम मुळातच अडकून राहतं, वर फारच थोडं चढतं. म्हणून तर मूळ मरतं. काही मक्यांनी त्यावर उपायही शोधला आहे: मुळाचं टोक सायट्रेट सोडतं, लिंबात असतं त्याच जातीचं द्रव्य, आणि ते ॲल्युमिनियमला बाहेरच जखडून टाकतं. हे काम करणारं एक जनुक आहे, मेट-१. ते साध्या मक्यात एकदा असतं. आम्लता सोसणाऱ्या काही वाणांत एकापुढे एक तीनदा आढळलं, हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. त्या वाणांचं मूळ आम्ल मातीच्या मुलखांत आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जे कणीस तगलं त्याचंच बी ठेवलं, त्यातून हे घडलं असणार. मुरघास खाणाऱ्या गाईची काळजी करायची तर बुरशीच्या विषाची करा.

आता कोकणातल्या, चंदगड-आजऱ्याकडच्या, गडचिरोलीतल्या वाचकांसाठी. तुमच्यापैकी काहींना हा संदेश खरोखर लागू पडतो, फक्त तोही अर्धवट. कोकण-घाटमाथ्यावर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश वर्षानुवर्षं धुऊन नेतो, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची तांबडी जांभ्याची माती उरते. भातखाचरात हे जाणवत नाही, कारण पाणी भरून राहिलं की काही आठवड्यांत सामू आपोआप साडेसहा-सातकडे सरकतो. त्याच गावच्या वरकस, उताराच्या जमिनीवर मका लावला की जाणवतं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजणाऱ्या आजोबांनी सामू हा शब्द ऐकला नव्हता, पण त्या राखेत चुना आणि पोटॅश दोन्ही असतात, आणि राबावरचं रोप जोमदार का येतं याचं निदान एक कारण तेच.

अशा जमिनीत सामू साडेपाचाच्या खाली असेल तर चुना द्यायचाच. पण विरवलेला नव्हे; चुनखडीची बारीक भुकटी किंवा डोलोमाइट, ज्यात मॅग्नेशियमही मिळतं. पूर्ण जमीन सुधारायला हेक्टरी काही टन लागतात, आणि ते परवडत नाही म्हणून ईशान्येकडच्या शेतकऱ्यांना सरीत, बियांच्या ओळीत हेक्टरी २ ते ४ क्विंटल दरवर्षी द्यायची शिफारस केली जाते. पेरणीच्या आधी, ओलाव्यात, खतापासून वेगळा. जोडीला शेणखत, कारण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाची आम्लं ॲल्युमिनियमला धरून ठेवतात. ब्राझीलचं सेराडो पठार एके काळी शेतीला नालायक समजत. तिथे चुना, स्फुरद आणि योग्य वाण यांची सांगड बसली आणि आज तिथून जगभर मका-सोयाबीन जातं. त्या कामासाठी एड्सन लोबाटो, ॲलिसन पाओलिनेली आणि कॉलिन मॅकक्लंग यांना २००६ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. तिथे हजारो मातीचे नमुने तपासून मग चुना पडला.

सिल्लोडच्या त्या तरुणाची माती शेवटी आम्ही तपासली. सामू ८.२, मुक्त चुनखडी ७ टक्के, उपलब्ध स्फुरद मध्यम, जस्त ०.४ पीपीएम, जे ०.६ च्या वर असायला हवं. चुना टाकू नको म्हटल्यावर तो हिरमुसला. "मग ह्या दोन पोत्यांचं काय करू?" मी त्याला जस्ताची फवारणी लिहून दिली. २०० लिटर पाण्याला १ किलो झिंक सल्फेट, आणि ते आम्लधर्मी असल्यानं पान पोळू नये म्हणून त्यात अर्धा किलो चुन्याची निवळी, नीट गाळून. संक्रांतीनंतर थंडी ओसरली, जांभळेपणा आपसूक गेला, पोंग्यातले पांढरे पट्टेही गेले. दोन पोत्यांतला अर्धा किलो कामाला आला.